पांढऱ्या बक्कीच्या मागे

ओढ्याच्या गाळात वाघिणीचं पाऊल दिसलं तेव्हा मोहापीला आधी बरंच वाटलं. पुढचा डावा पंजा तिनं पूर्ण टेकवला होता. चारही बोटं, मधली गादी, सगळं स्वच्छ उमटलेलं. म्हणजे पाय आता दुखत नव्हता. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण कुंपणाच्या बाहेर उभे आहोत आणि हे पाऊलही बाहेरच उमटलं आहे. 

पहाटे ओढ्याला लोंढा आला होता. शेतावर पावसाचा थेंब नाही. पाऊस पडला तो वर टेकड्यांत. त्या पाण्यानं ओढ्यावरून आडवं गेलेलं उंच कुंपण खांबातारांसकट उखडून नेलं. तासाभरात पाणी ओसरलं, मागं तीस पावलांचं खिंडार राहिलं, आणि त्या खिंडारातून चार नंबरची वाघीण शेजारच्या मेंढ्यांच्या रानात चालती झाली. सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन आत्ताच चटके देत होतं.

आफ्रिकेतल्या या रानात वाघ कुठून आला असं नदीकाठच्या गावांत आता कुणी विचारत नसे. मारी ब्रुवरच्या बापानं इथं जन्मभर मेंढ्या राखल्या. मारीनं मेंढ्या विकल्या, कुंपणं दोन पुरुष उंच केली आणि प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले वाघ आणून या रानात सोडले. आशियात त्यांचं रान संपत चाललंय, तर इथं तरी त्यांनी हरणं मारून आपल्या जोरावर जगावं, असा तिचा ध्यास. आजूबाजूच्या मेंढपाळ शेतकऱ्यांनी त्या जागेचं नाव ठेवलं मांजरवाडी. मारीला ते ठाऊक होतं आणि तिनं ते कधी मनावर घेतलं नाही. नियम मात्र तिचा एकच आणि पोलादी होता. वाघाला माणसानं खाऊ घालायचं नाही. ज्या वाघाला माणसाच्या हातचं मिळतं तो माणसाच्या मागं येतो, आणि माणसाच्या मागं येणारा वाघ कधीतरी माणूस खातो. म्हणून तिनं वाघांना नावंसुद्धा दिली नव्हती, नंबर दिले होते.

मोहापीनं मात्र चार नंबरला मनातल्या मनात सून केलं होतं.

तो बसोथो, म्हणजे इथल्या सोथो बोलणाऱ्या लोकांतला, वय सत्तावन्न, मांजरवाडीवर चौदा वर्षं. रोज कुंपणाच्या कडेनं फिरायचं, माती वाचायची आणि कुठल्या नंबरानं काय खाल्लं ते मारीला सांगायचं, हे त्याचं काम. गेल्या हिवाळ्यात चार नंबरनं साळिंदरावर झडप घातली आणि गालात नि पुढच्या डाव्या पंजात काटे भरून घेतले. अकरा दिवस तिनं शिकार केली नाही. मोहापी मारीला म्मे म्हणायचा, म्हणजे बाई. त्यानं हे सांगितलं तेव्हा ती खिडकीकडं वळली. मग म्हणाली, "रान म्हणतो ना आपण याला? मग रानासारखंच वागायचं. तिचं ती बघेल." तिचे डोळे लाल झाले होते. तिचंही खोटं नव्हतं.

पण मोहापीच्या घरची रीत वेगळी होती. नवी नवरी उंबऱ्याशी येते तेव्हा तिच्यासाठी मेंढी कापतात. ती कापली जाईपर्यंत नवरी त्या घरचं अन्न तोंडात घेत नाही, आणि ज्या घरात सून उपाशी राहिली त्या घरानं चारचौघांत तोंड दाखवू नये, असं त्याची आई सांगायची. ही तर परक्या मुलखातून आणलेली. इथं ना तिची माय, ना तिचं रान. माणसांनी आणली आणि माणसांनीच उपाशी मारायची? त्याला ते गिळेना.

त्याच्या स्वतःच्या नऊ मेंढ्या होत्या. त्यातली एक त्यानं कापली आणि भर दुपारी, मारी कागदपत्रांत बसली असताना, बक्कीच्या मागच्या हौद्यात टाकून रानात नेली. बक्की म्हणजे पुढं दोघांची केबिन, मागं उघडा हौदा. या भागात प्रत्येक शेतकऱ्याकडं ती असते आणि जवळजवळ प्रत्येकाची पांढरी असते. हौद्यात उभं राहून मोहापीनं मुठीनं तीनदा पत्रा वाजवला आणि मेंढी खाली लोटली. पहिल्या दिवशी वाघीण पन्नास पावलांवर थांबली. पाचव्या मेंढीला ती पाच पावलांवर आली होती. तोवर पंजा बरा झाला, ती हरणं मारू लागली आणि मोहापीनं हात आखडला. तरी पुढं महिनाभर बक्कीचा आवाज आला की ती झुडपांतून उठून यायची, आणि तो धूळ उडवत पळ काढायचा. हे त्यानं बायकोला, पुलेंगलासुद्धा सांगितलं नाही. मेंढ्यांचं काय झालं असं धाकट्या भावानं, तेफोनं विचारलं, तेव्हा त्यानं कोल्ह्यावर ढकललं. तेफो तीन दिवस हसत होता. वाघांचा राखणदार आणि त्याच्या मेंढ्या कोल्हा खातो!

तो तेफो आत्ता याच रानात होता.

शेजारच्या शेतावर तो मुकादम होता. शेत म्हाताऱ्या कर्नील स्वार्टचं. सगळं खोरं त्याला ऊम कर्नील म्हणायचं, ऊम म्हणजे काका. सकाळी सातला कर्नीलला एक मेंढी मरून पडलेली सापडली होती, मान मोडलेली. तेव्हापासून तो बक्की घेऊन वाघीण शोधत फिरत होता. केबिनमध्ये तो आणि त्याची बंदूक, मागं हौद्यात उभा तेफो. कोल्ह्याच्या मागं ते असेच जात. वाघीण माणसांजवळ दिसली तर गोळी घालायला पोलिसांची मुभा होती. बेशुद्धीची बंदूक घेऊन डॉक्टर शहरातून निघाला होता, पण तो दुपारी दोनच्या आत येत नव्हता. मारी खिंडाराशी माणसं लावून तारा ओढत होती. मोहापीला तिनं सांगितलं होतं, "माग काढ, जवळ जाऊ नकोस, काय दिसेल ते वायरलेसवर सांग."

वायरलेस प्रत्येक बक्कीत आणि प्रत्येक स्वयंपाकघरात होता. मोबाइलला या टेकड्यांत रेंज नाही. एकाच लहरीवर सगळं खोरं. एकाच्या घरी दूध उतू गेलं की बारा घरांना कळायचं. सोथो बोला नाहीतर आफ्रिकान्स बोला, दोन्ही सगळ्यांना येत होत्या, त्यामुळं लपून बोलायला भाषाच नव्हती.

मोहापी बक्की सावकाश चालवत, दारातून वाकून माग बघत निघाला. वाघिणीची पावलं ओढ्यातून वर आली, मेंढी पडली होती तिथं गेली, तिथून दोनशे पावलांवरच्या बाभळीखाली गेली. तिथं ती पडून राहिली असणार, मेंढीवर नजर ठेवून. मग पावलं परत मेंढीच्या जागी आली होती. मेंढी तिथं नव्हती. कर्नीलच्या बक्कीची चाकं तिथं येऊन वळून गेली होती. आणि पावलं तिथून चाकोरीत शिरली होती.

मोहापीनं बक्की थांबवली आणि उतरून नीट बघितलं. टायरच्या नक्षीवर पंजा उमटला होता. नक्षी खाली, पंजा वर. म्हणजे आधी बक्की गेली आणि मागून वाघीण गेली. तो शंभर पावलं चालला. सगळीकडं तेच. ती पळत नव्हती, दबा धरत नव्हती, आडरानात शिरत नव्हती. बक्कीच्या मागं सरळ चाकोरीतून चालली होती, गाडीमागून कुत्रं चालावं तशी.

तो धावत बक्कीत आला आणि वायरलेस उचलला.

"ऊम कर्नील, मोहापी बोलतोय. तेफोला केबिनमध्ये घ्या. मागं उभा करू नका."

"का रे? ऊन लागतंय होय त्याला?"

"वाघीण तुमच्या बाजूलाच आहे."

"असू दे की. तिलाच शोधतोय ना?" कर्नील खाकरला. "सत्तर वर्षं या रानात काढली मी. इंजिनाचा आवाज आला की कोल्हा पळतो, रानमांजर पळतं, बिबट्या तर नुसती धूळ बघून पळतो. तुमच्या पट्टेवालीला काय वेगळं शिकवलंय का मांजरवाडीत?"

त्यानं थट्टेत विचारलं होतं. मोहापीचं बोट बटणावरून निघालं.

मागून तेफोचा आवाज आला. तो हौद्यातून खिडकीशी वाकला असावा. "अबुती, तू तुझ्या मांजरी सांभाळ, मी माझ्या मेंढ्या सांभाळतो. आणि कोल्हा दिसला तर सांग, तुझ्या पाच मेंढ्यांचा हिशेब विचारायचाय त्याला." मोठ्या भावाला अबुती म्हणायचं, पण तेफोच्या तोंडी त्या शब्दाला नेहमी थोडी गुदगुली असायची. बारा घरांतून कुठूनतरी कुणी हसल्याचं ऐकू आलं.

मोहापीनं वायरलेस खाली ठेवला. सांगायचं तर सगळं सांगावं लागणार होतं, आणि सगळं मारी ऐकणार होती. नोकरी गेली की घर जाणार, कारण घर शेताचं. पुलेंगनं दारात लावलेलं पीचचं झाड जाणार. या वयात त्याला कोण ठेवून घेणार होतं? कदाचित काही होणारही नाही, त्यानं स्वतःला समजावलं. कदाचित ती कंटाळून वळेल. माणूस असा स्वतःला फसवतो तेव्हा त्याला ते पुरतं ठाऊक असतं. मोहापीलाही होतं, आणि तरी तो आणखी एक मैल काही न बोलता गेला.

मग फाटक आलं.

या रानात दर मैलाला फाटक. गाडी थांबते, हौद्यातला माणूस खाली उडी मारतो, फाटक उघडतो, गाडी पुढं जाते, तो फाटक लावतो आणि चालत जाऊन परत चढतो. उघडलेलं फाटक तसंच ठेवून जाणाऱ्याला खोऱ्यात कुणी चहा विचारत नाही. तेफोचे गमबूट मातीत स्पष्ट होते. इथं उडी मारली. इथं कडी काढली. गाडी गेली. इथं पलीकडं उभं राहून, मान खाली घालून, त्यानं कडीत तार अडकवली.

मोहापीनं वळून फाटकाच्या अलीकडं बघितलं. वाटेच्या कडेला एक ठेंगणं झुडूप होतं आणि त्याच्या मागं गवत चेपलं होतं. तो तिथं गेला. धुळीत पोटाचा ठसा, कोपरांचे दोन खळगे, आणि मागं शेपटीनं झाडल्यासारखी पुसट रेघ. ती इथं बसून राहिली होती. तेफोनं फाटक लावेपर्यंत ती शांत बसली होती. त्यानं पावलं मोजली. चौदा.

फाटकाच्या वरच्या दांडीवर नखांचे ओरखडे होते. पलीकडं पुढचे दोन्ही पंजे खोल उतरले होते, आणि पुन्हा चाकोरी. चाकोरीच्या मधोमध थेंब पडत गेले होते, काळपट, अजून पुरते न वाळलेले. तो वाकला. रक्त. मग त्याला सगळं एकदम दिसलं आणि त्यानं धावत जाऊन वायरलेस उचलला.

"ऊम! ती मेलेली मेंढी कुठंय?"

"मागं आहे की हौद्यात. पोलीस फोटो काढतील, पुरावा नको का?"

कोल्ह्यानं मारलेली मेंढी ते अशीच उचलून आणत. कोल्हा परत येत नाही.  पांढरी बक्की, हौद्यात मेलेली मेंढी, शेजारी उभा माणूस. त्यानं स्वतः शिकवलेला धडा तिच्यापुढं मैलोनमैल चालला होता.

"पुढचं फाटक किती लांब आहे?"

"हे काय, आलंच. पवनचक्कीपाशी."

"तेफोला उतरू देऊ नका."

"मग काय माझी आजी उघडणार फाटक?"

"ऊम, ऐका माझं. थांबा तिथंच. त्याला खाली उतरू देऊ नका."

"एक कारण सांग. सकाळपासून नुसतं हे करू नका, ते करू नका. कारण सांग, ऐकतो."

आणि तेव्हाच मारीचा आवाज मधे आला, अगदी शांत. "मोहापी, काय आहे ते सांग."

वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. मोहापीनं बटण दाबलं.

"ती बक्कीच्या मागं आहे. पहिल्यापासून. मागच्या फाटकावर ती तेफोपासून चौदा पावलांवर बसली होती. मी तिला शिकवलंय, म्मे मारी. हिवाळ्यात पंजात काटे होते तेव्हा मी माझ्या पाच मेंढ्या तिला घातल्या. पांढऱ्या बक्कीतून. हौद्यात उभा राहून तीनदा मुठीनं पत्रा वाजवायचो आणि ती यायची. ऊम, तुम्ही तिची मेंढी घेऊन चाललाय. तेफोला आत घ्या."

वायरलेसवर नुसती खरखर राहिली.  मग दार दाणकन आपटल्याचा आवाज आला, आणि कर्नील बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"आलाय आत. एक पाय टायरवर होता त्याचा." थोड्या वेळानं तो म्हणाला, "दिसतीय. आरशात. वाटेवरच बसलीय, चाळीस पावलांवर. बघतीय इकडं."

"हलू नका."

"बंदूक आहे माझ्याकडं."

"आरशात बघून गोळी मारता येत नाही, ऊम. उतरावं लागेल. पहिली चुकली, तर दुसरीला ती वेळ देणार नाही."

 म्हाताऱ्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"ती तुमच्यासाठी आलेली नाही," मोहापी म्हणाला. "मेंढीसाठी आलीय. मेंढी खाली टाकू नका, नाहीतर ती तिथंच बसेल आणि मग दुपारभर तिथून कुणी हलणार नाही. फाटक उघडू नका. डावीकडं वळा, कुंपणाच्या कडेनं, माणूस चालतो तेवढ्या वेगानं, सरळ आमच्या दक्षिण फाटकाकडं या. ती मागून येईल."

"आणि तुमचं फाटक?"

"मी उघडून धरतो."

"मोहापी," मारी म्हणाली, "इथल्या तारा लागल्या. मी येते तिथं."

"ओढ्यात गुडघाभर गाळ आहे, म्मे. तुम्ही नाही पोचणार."

मारीनं बटण सोडलं. जे बोलायचं होतं ते नंतरचं होतं, हे दोघांनाही कळत होतं.

दक्षिण फाटक लोखंडी जाळीचं, दोन पुरुष उंच, आणि मुद्दाम उतारावर टांगलेलं. हात सोडला की ते आपल्या वजनानं बंद होतं. ते उघडं राहू नये म्हणून मारीनंच तसं बसवून घेतलं होतं. दगड लावला तर दगडाला ढकलत जातं. माणसालाच धरावं लागतं. मोहापीनं आपली बक्की टेकाडामागं लपवली, कारण तीही पांढरी होती. तो चालत आला, फाटक बाहेरच्या बाजूला ओढून उघडलं आणि दोन्ही हातांनी टोकाची दांडी धरून उभा राहिला. जाळीच्या एका बाजूला वाट, दुसऱ्या बाजूला तो. पण जाळी टोकाला संपते, आणि त्या टोकाला वळसा घालायला वाघिणीला दोन पावलं पुरतात.

कर्नीलची बक्की आधी ऐकू आली, मग दिसली. पहिल्या गिअरमध्ये कण्हत येत होती. मागची फळी सकाळपासून उघडीच, आणि मेंढी बांधलेला दोर तेफोनं मागच्या खिडकीतून आत घेतला होता. काचेआड दोन चेहरे दिसत होते, दोन्ही राखेच्या रंगाचे. त्यांच्या मागं वीस पावलांवर वाघीण चालत होती. मान खाली, खांदे एकापाठोपाठ एक वर-खाली होत. तिला कसलीच घाई नव्हती.

बक्की मोहापीच्या समोरून आत गेली. तेफोनं त्याच्याकडं बघितलं. मोहापीनं वाघिणीवरची नजर हलवली नाही. वाघीण फाटकात आली आणि थांबली.

तिनं मोहापीला ओळखलं. जाळीतून तिनं नाक फेंदारलं आणि ओठ न उघडता फुरफुर असा आवाज केला. पाचव्या मेंढीच्या वेळी तिनं हाच आवाज केला होता, आणि त्या दिवशी मोहापीचे डोळे भरून आले होते. आत्ता त्यानं दांडी घट्ट आवळली. बक्की आत तीस पावलं गेली होती, चाळीस गेली. वाघीण तिच्याकडं बघत नव्हती. देणारा माणूस इथं उभा होता. मग दुसरीकडं कशाला जायचं?

तिनं तोंड वळवलं आणि फाटकाच्या टोकाकडं एक पाऊल टाकलं.

पळायचं नसतं. पाठ दाखवायची नसते. हे त्याला चौदा वर्षं ठाऊक होतं. फाटक सोडलं असतं तर ते तिच्या आणि बक्कीच्या मधे बंद झालं असतं, आणि ती बाहेर, त्याच्याबरोबर राहिली असती. तो दांडी धरून उभा राहिला. दांडी घामानं निसटू लागली. तिनं दुसरं पाऊल टाकलं. आता मधे जाळी नव्हती. तिच्या गालावर साळिंदराच्या काट्यांचे तीन पांढरे व्रण त्याला दिसले.

धाड. धाड. धाड.

आत, थांबलेल्या बक्कीच्या खिडकीतून एक हात कोपरापर्यंत बाहेर आला होता आणि मुठीनं दाराचा पत्रा वाजवत होता. तेफो. बारा घरांबरोबर त्यानंही ऐकलं होतं, किती वेळा आणि कशानं.

वाघिणीचे कान वळले. मग डोकं वळलं. ती मोहापीला पाठ करून आत निघाली, आधी चालत, मग दुडक्या चालीनं. तेफोनं दोर सोडला, बक्कीला हिसका बसला, मेंढी फळीवरून घसरत खाली आली आणि वाघीण तिच्यावर जाऊन बसली. कर्नीलनं लांबून वळसा घालून बक्की बाहेर काढली. मोहापीनं हात सोडले. फाटक आपल्या वजनानं बंद झालं आणि तो तिथंच मातीत बसला.

कर्नील खाली उतरला. टोपी काढून त्यानं डोकं पुसलं. "मेंढी माझी होती," तो म्हणाला. "पण असू दे." मग तेफो आला आणि भावाशेजारी बसला.  तो म्हणाला, "म्हणजे कोल्हा नव्हता." आणि त्याला हसू फुटलं आणि हसता हसताच तो रडायला लागला. मोहापीनं त्याच्या मानेवर हात ठेवला. मान जागेवर होती.

संध्याकाळी मारीनं त्याला व्हरांड्यात बसवलं आणि स्वतः चहा ओतला. तिचे हात अजून गाळानं भरलेले होते. "तू बोलला नसतास तर तेफो गेला असता," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही. पण तू घातलं नसतंस तर हे झालंच नसतं, आणि तेही मला विसरता येणार नाही. तुला ठेवलं तर उद्या माझ्या नियमाला कोण विचारेल?"

"खरंय," मोहापी म्हणाला. 

"महिनाअखेरपर्यंत घर राहू दे तुझ्याकडं."

"आणि ती?"

मारीनं कप खाली ठेवला. "बक्कीमागं येणारी वाघीण मोकळ्या रानात कशी ठेवू? रस्त्याकडच्या लहान पिंजऱ्यात राहील. जन्मभर."

"खायला?"

"नवा माणूस घालेल. बक्कीनंच."

नोकरी गेली ते मोहापीनं मान्य केलं होतं, पण हे ऐकून तो चहा तसाच ठेवून उठला. अकरा दिवसांची उपाशी सून त्यानं वाचवली होती, आणि वाचवता वाचवता तिचं सगळं रान घालवलं होतं. तो हिवाळा पुन्हा आला तर आपण काय करू, हे त्यानं रात्ररात्र जागून ठरवायचा प्रयत्न केला. ठरलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सामान न्यायला कर्नीलनं आपली बक्की दिली आणि गाडी चालवायला स्वतःच आला. उरलेल्या चार मेंढ्या मोहापीनं आधीच तेफोकडं पाठवल्या होत्या आणि मनातल्या सुनेची गोष्टही त्याला सांगून टाकली होती. पलंग, चूल, खुर्च्या हौद्यात चढल्या. पुलेंग पीचचं एक रोप डब्यात लावून मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसली. दोघं भाऊ मागं.

रस्ता पिंजऱ्याच्या कडेनंच जातो. बक्कीचा आवाज आला तशी वाघीण सावलीतून उठली आणि जाळीच्या आतून, बक्कीच्या बरोबरीनं चालू लागली. जाळीचा कोपरा आला तेव्हा ती थांबली.

"मागं बघू नकोस, अबुती," तेफो म्हणाला. या वेळी त्या शब्दात गुदगुली नव्हती.

शेवटच्या फाटकाशी गाडी थांबली. सवयीनं तेफोनं एक पाय बाहेर टाकला, मागं वळून बघितलं आणि पाय परत आत घेतला. "तू उतर," तो म्हणाला. "तुझी सून आहे."

मोहापी उतरला. त्यानं फाटक उघडलं, गाडी जाऊ दिली, फाटक लावलं आणि कडीत तार दोनदा पिळली. वाघीण अजून कोपऱ्यात उभी होती, कान पुढं करून. तो बक्कीशी आला तेव्हा पत्रा त्याच्या हाताशीच होता. तीनदा वाजवावा असं त्याला फार वाटलं. पण रिकाम्या हातानं त्यानं तिला कधी बोलावलं नव्हतं. तो हौद्यात चढला आणि चुलीला टेकून बसला.